गिरीजचे घर ज्युलीच्या नावे

मी, प्रिस्का प्लासिड तुस्कानो, वय अडुसष्ट, वाडी कसणारी, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. दुखते ते काखेत. पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे. निकाल कळण्याआधीच हे उरकलेले बरे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे राहते घर, अंगणासह, माझी सून ज्युली हिच्या एकटीच्या नावे व्हावे. कारणही लिहिते, म्हणजे म्हातारीला भुलवली असे नंतर कोणी म्हणायला नको.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या हातावर जांभळट लाल गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून मी कीड चावली समजले. बघता बघता ती लिंबाएवढी झाली. ज्युलीने हट्टाने तुकडा तपासायला लावला. मर्केल सेल कार्सिनोमा निघाला, हे मला मागाहून कळले. कातडीचा हा कॅन्सर क्वचित होतो, पण झपाट्याने पसरतो. माझा मुलगा रायन मला "साधी चरबीची गाठ" म्हणाला, ऑपरेशन टाळून लेप लावत राहिला, आणि ज्युलीला त्याने गप्प बसवले.

एका सकाळी मी केळींना पाणी लावत होते. ज्युली बांधावर येऊन उभी राहिली.

"आई, ती गाठ कॅन्सरची आहे. आता थांबू नका."

"रायनला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

संध्याकाळी रायन तिच्यावर ओरडला, "माझ्या घरातून चालती हो!" घर माझे होते. मी दारात आडवी उभी राहिले.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झाले, मग लाइट, म्हणजे रेडिएशन, घेतली. तरी काखेत गाठ उठली. आता औषध शिरेतून चढते. लेपात गेलेले दिवस कोणी परत देणार नाही.

२. वाडी, विहीर व पंप रायनला. तो वाईट नाही. माझे यजमान प्लासिड यांना त्यांच्या आजाराचे नाव कळले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले, ते शेवटपर्यंत. रायन तेव्हा शाळेत होता. उशाशी तोच बसायचा. माझेही तसेच होईल याची त्याला धास्ती. पण मी प्लासिड नाही.

३. दीर ॲलिस्टर यांना काही नाही. तो लेप त्यांनीच आणला होता. उरलेली बाटली त्यांना परत द्यावी.

४. मला बोलता येईनासे झाले तर उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हे ज्युलीने सांगावे. त्याचा कागद वेगळा केला आहे. रायनने तिच्याशी वाद घालू नये.

५. मला माझ्या लाल लुगड्यात पुरावे. नवे कापड आणू नये.

काल रायन पायरीवर माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "आई, तुला भीती वाटते?"

"वाटते रे. खूप."

त्याने माझा सुजलेला हात मांडीवर घेतला. एवढे दिवस आम्ही दोघे एकाच घरात एकेकटे घाबरत होतो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. उजव्या हाताला सूज असल्याने साक्षीदारांसमक्ष डाव्या हाताने सही केली आहे.

(सही) प्रिस्का प्लासिड तुस्कानो

साक्षीदार:
१. (सही) हरेश्वर पाटील, शेजारी
२. (सही) सुझान डाबरे, शिक्षिका

गिरीज, १४ नोव्हेंबर २०२४