तेरावी मात्रा

वाराणसी,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. इथे सकाळी आता स्वेटर लागतो. स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून घेतला. फोनवर आपण हवामान आणि बी.पी.च्या गोळ्या यांच्यापुढे जात नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेत दहा दिवस कथकची कार्यशाळा झाली. शिकवायला नागपूरहून पद्माताई आल्या होत्या, तबल्याला कोलकात्याचे देवव्रतदा. बत्तीस मुली, त्यांतल्या नऊ रोज रामनगरहून यायच्या. मला बोलावलं होतं माईक आणि स्पीकर लावायला. विजेचे मीटर तपासणारीकडून लोकांची एवढीच अपेक्षा असते.

पहिल्या दिवशी नाचाला मात्रा धरून देणारा पेटीचा लेहरा मोबाइलवर लावला होता. अर्ध्या तासात पद्माताईंनी तो बंद केला. म्हणाल्या, "हा मेला कुणाचं ऐकूनच घेत नाही." मग पेटी वाजवणारं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं आणि शाळेतल्या गीताबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. चार वर्षांनी पेटीला हात लावला. तीनतालाच्या सोळा मात्रा, तेच सूर पुन्हापुन्हा. बोटं विसरली नव्हती.

मजा आली. रोज सकाळी पद्माताई मुलींना बोल म्हणत घाटाच्या पायऱ्या चढायला लावत. दर पायरीला एक मात्रा. तिसऱ्या दिवसापासून नाववाले खालून हाताने ताल देऊ लागले. जी चुके तिला ते परत खाली बोलवत. एक पंडितजी आधी या गोंगाटावर रागावले, नंतर तेही मोजू लागले आणि चुकले.

परवा शुक्रवारी कार्यक्रम झाला. रामनगरची इंदू नऊ वर्षांची आहे. तिची तिहाई साधी होती: पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा थांबायचं आणि शेवटचा पाय समेवर. दुसरा तुकडा संपला आणि ती थांबलीच नाही. बाराव्या मात्रेवर तिसरा तुकडा सुरू. म्हणजे समेच्या एक मात्रा आधीच पोहोचणार. माझ्या हातात चार मात्रा होत्या. मी लेहऱ्यात बारावीवरून थेट चौदावीवर गेले. देवव्रतदांनी मान वर न करता तबला माझ्यामागे आणला. तिघंही एकाच क्षणी समेवर पडलो. टाळ्या थांबेनात.

पडद्यामागे इंदूने मला गाठलं. "दीदी, हम सम पर आए न?"

"एकदम सम पर."

ती उड्या मारत गेली. देवव्रतदा चहा पीत जवळ आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "इंजिनियर दीदी, तेरहवीं मात्रा कहाँ गई?"

"गंगाजी में."

त्यांना इतकं हसू आलं की चहा कुर्त्यावर सांडला. मीही हसले. घरापर्यंत हसत आले आणि दार उघडताना थांबले.

बाबा, तुमच्या तबल्याच्या शेवटच्या कार्यक्रमात तिहाईत तुमचीही थांबायची मात्रा सुटली होती. मला ते लगेच कळलं होतं. तेव्हाही माझ्या हातात चार मात्रा होत्या. मी लेहरा सरळ ठेवला. तुम्ही एकटेच एक मात्रा आधी पोहोचलात आणि सगळ्या सभागृहाने ते पाहिलं.

लेहरा ढळता कामा नये असं तुम्हीच शिकवलं होतं, हे मी स्वतःला चार वर्षं सांगत आले. ते कारण नव्हतं. माझा हिशेब बरोबर आहे हे लोकांना दिसावं, असं मला वाटलं होतं. त्यानंतर तुम्ही तबल्याची खोळ काढली नाहीत आणि महिन्याभरात कुणालदादाकडे पुण्याला गेलात. माझं चुकलं.

पद्माताई काल गेल्या. मुलींना दर रविवारी सराव चालू ठेवायचा आहे. पेटीला मी आहे, तबल्याला कुणी नाही. तुम्हाला न विचारता मी तुमचं नाव सांगितलं आहे. मुली लहान आहेत, रोज कुणीतरी कुठेतरी चुकतं आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. डिसेंबरमध्ये याल का? तुम्ही जिथे याल, तिथे मी सम आणीन.

तिकीट काढू का, एवढं कळवा. नाही म्हणायचं असेल तर फोनवर नको, तुमच्या अक्षरात लिहा.

तुमची लेहरेवाली,
हिमानी