राजूच्या नावाचा गेम

२ फेब्रु.
रिठदला जाऊन आली. शांताबाईंनी बोलावलं होतं, माझ्या चौथीच्या बाई. "सुमन, घड्याळाच्या दुकानात तू जुने गेम जमवतं म्हणे. हा घेऊन जाय." भांड्याच्या पेटीतून काढला. माय वं! दोन पडद्यांचा, घडीचा. दहा वर्षं हाच शोधून राह्यली मी. पाठीवर मात्र ताटावर टाकतात तसं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव : 'चि. राजू यास ताईकडून'. राजू बाईंचा धाकटा भाऊ. भांड्यावर नावं टाकणारा दारी आला, तवा ताटांसोबत गेमही दिला म्हणे त्याच्या हाती. पैसे घेईनात. बळंच पदराला बांधले.

४ फेब्रु.
सेल फुटून हिरवं झालेलं. घासलं, पुसलं. घड्याळातून काढलेले दोन जुने बटणसेल लावून पाह्यले आणि लागला की! वरच्या पडद्यातून आंबे पडतात, खालच्यात टोपलीत झेलायचे. अशी ओरडली की हे साबणाच्या अंगानं न्हाणीतून बाहेर.
"साप निघाला काय?"
"नाई, आंबे पडून राह्यले."
तसेच परत न्हाणीत गेले.

७ फेब्रु.
जुने गेम जमवणाऱ्यांच्या गटावर फोटो टाकला. पुण्याचे एक काका : "पाठ कोरलेली? अरेरे. बदला ती, भाव दुप्पट होईल." माझ्याकडच्या एका मेलेल्या गेमची पाठ कोरी आहे. ह्यांचं मत : "नावाचं भांडं कोणी मोडीत काढते काय?" ह्यांना काय कळते त्यातलं.

८ फेब्रु.
बदलली. चार स्क्रू, अर्धा तास. काय दिसून राह्यला! दिवसभरात सहादा कपाट उघडलं. जुनी पाठ घड्याळाच्या पट्ट्यांच्या डब्यात.

१५ फेब्रु.
बाईंचा फोन. राजू येतोय बुधवारी, त्याच्याजवळ गेमचं नाव काढू नको. काहून? तर सगळं बोलल्या. दहावीला राजू दिवसभर गेमच खेळे, म्हणून परीक्षेपुरता गव्हाच्या कोठीत लपवला. राजूला वाटलं, जिवलग दोस्त बबननं चोरला. चारचौघांत मारलं त्याले. "मंग माह्यं तोंडच उघडलं नाई, सुमन." दोघं आजवर बोलत नाहीत. घरात नजरेसमोर नको म्हणून गेम मला दिला!
डोकं फिरलं माझं. "बाई, खोटं बोल्ली म्हणून तुमी मले तासभर बाकावर उभं केलं होतं!"
"हो. आठवते मले."
मग मलाच रडू आलं. म्हटलं, तुमीच सांगा त्याले, मी गेम घेऊन येतो.
म्हणाल्या, "बुधवारी जऊळका स्टेशनावर ये."

१६ फेब्रु.
जुनी पाठ परत बसवली. कोरी पाठ पाहून राजू म्हणेल, असे गेम छप्पन असतात. त्याचं नाव आहे म्हणून तर तो हाच. एक स्क्रू घसरला, तीनच लागले. जीव हळहळला, खोटं कायले लिहू. हे चहा ठेवून गेले. आलं घातलेला.

१८ फेब्रु.
जऊळका स्टेशन. गाडी वेळेवर. राजूभाऊंचे केस पांढरे, पोट सुटलेलं. बाईंनी घरून तीनदा म्हणून पाहिलेलं वाक्य तोंडातून निघेना. नुसता गेम पुढे केला. राजूभाऊंनी उलटा करून अंगठा फिरवला ठिपक्यांवर.
"कुठी भेटला?"
"माह्यापाशीच होता. मीच लपवला होता, राजू."
बसले बाकावर. बाईंचा पदर डोळ्याला. मग राजूभाऊंनी गेम उघडला, चालू केला, पहिलाच आंबा सांडला.
"बबन कुठी राह्यते आता?"
"आसेगावले."
उठले, गेम खिशात घातला अन् सरळ ऑटोत. पिशवी बाकावरच! माझा गेम! पण मागायचं काही सुचलं नाही. बाई म्हणाल्या, "जाऊ दे त्याले." पिशवी मी उचलली, दुकानात आणून ठेवली.

२१ फेब्रु.
आसेगावहून काही खबर नाही. बाईंचा फोन दिवसातून दोनदा, "आला काय दुकानात?" अजून नाही. कपाटात गेमची जागा मोकळीच ठेवली. तरी जीवाला बरं वाटून राह्यलं, काय माहीत काहून. लावलेले सेल जुनेच होते, रोज खेळले तर जास्तीत जास्त आठ दिवस चालतीन. असले सेल आसेगावात मिळत नाहीत, माझ्याच दुकानात यावं लागन. येतीन तवा एकटे येतात का दोघं, ते पाहू. नवे सेल काढून ठेवले.