कापसात उभी सुमी

मंगळवार, सांजच्याला

कापसाच्या भावफरकाचं सरकारी अनुदान आज माझ्या खात्यात आलं! लई आनंद झाला. पण शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो टाकल्याबिगर ते मिळत नाय म्हणं. मला मेलीला कुठं येतंय? मग टाकला कुणी?

नात सुमी म्हणाली, "आजी, मीच. त्या दिवशी बांधावरनं वरडलीस नव्हं, कापसात उभी राहून कुण्या पोराशी बोलतीस म्हणून?"

व्हय, वरडले व्हते. तिच्या डोळ्यात काजळबी व्हतं. पोरीवर उगं शक घेतला. मग लासूर स्टेशनाहून जिलबी आणवली, माझ्या हातानं भरवली. ती गालात हसली.

ते हसणं काय मनातून जाईना. फोटो कापसाचा काढायचा, मग काजळ कुणासाठी गं बाई?