विषयाला सोडून

३ जून

चि. नानूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दीड पान! त्यातलं एक पान हवेचं, अर्धं लिफ्टच्या दोरांचं आणि शेवटी नेहमीचं ‘बाकी सर्व ठीक’. तुझ्यापेक्षा विजेचं बिल जास्त खुलासेवार असतं रे.

मी निवृत्त झाले तरी हातातला खडू सुटत नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग चालवते. बाकं बालवाडीची, त्यामुळे नऊही विद्यार्थी गुडघे कानाशी घेऊन बसतात. सगळे नोकरी करणारे. खात्याच्या परीक्षेत दीडशे शब्दांचा लेख लिहायचा असतो आणि तिथेच घोडं अडतं. आमच्या पहारेकऱ्याला ‘माझा आवडता ऋतू’ लिहायला सांगितलं, तर त्याने स्वतःच्या लग्नापासून सुरुवात केली आणि ऋतूपर्यंत पोचलाच नाही. मी घसा फोडून सांगते, पहिल्या परिच्छेदात विषय काय ते सांगा, मधल्या दोन परिच्छेदांत एकेकच मुद्दा घ्या, त्याला उदाहरण द्या आणि शेवटी आवरतं घ्या.

हे पहिल्या झटक्यात कळलं ते एकटीला. इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत काम करणारी बाई आहे, चादरी, अभ्रे, टॉवेल सांभाळते. वहीच्या पानाचीही चौपदरी घडी घालते म्हणून वर्गाने तिचं नाव घडीबाई ठेवलंय. पास झाली तर त्या खोलीची मुख्य होईल. माझं ऐकून तिने विचारलं, म्हणजे चादरींच्या गठ्ठ्यात उशीचे अभ्रे मिसळायचे नाहीत, एवढंच ना? मी म्हटलं, अगदी एवढंच.

आणि त्याच बाईने ‘माझं काम’ या लेखात काय लिहावं? ‘अकरा नंबरचा पलंग माझा नवरा होता.’ मी समासात लिहिलं की पलंग कुणाचा नवरा होऊ शकत नाही. ते धरून चार ओळी विषयाला सोडून होत्या, त्यांवर तांबडी रेघ ओढली. वर्गात ते वाक्य वाचून दाखवलं, नाव न घेता, तर सगळे पोट धरधरून हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी लेख स्वच्छ करून आणला, मी दहापैकी नऊ दिले. तुझ्या बायकोला सांग, तिलाही गंमत वाटेल.

तब्येतीला जप. आठवण ठेवणाऱ्या बहिणीची आठवण ठेव.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा लिफ्ट दुरुस्तीला बोलावलं होतं, दोन वकील तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकले होते. आतून भांडणाचा आवाज येत होता. दार उघडलं तर म्हणाले, जरा पाच मिनिटांनी या, मुद्दा संपत आलाय.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. पहारेकऱ्याला ही खूप हसली. पलंगाच्या वाक्याला हसली नाही. हातातलं काम ठेवून विचारलं की त्या बाईचा नवरा आहे का? मला काय ठाऊक! मग म्हणाली, ताईंना विचारा, रेघेखालच्या चार ओळींत काय होतं.

म्हणून विचारतोय. आणि विचारतोच आहे तर आणखी एक सांगतो, राग मानू नकोस. मी तेरा वर्षांचा असताना तू मला वसतिगृहात ठेवलंस आणि दर आठवड्याला इंग्रजीत पत्र लिहायला लावलंस. माझ्या भल्यासाठीच. एका पत्रात मी हवेबद्दल लिहिलं, जेवणाबद्दल लिहिलं आणि शेवटी लिहिलं की वरच्या वर्गातला एक मुलगा मला रोज कपाटात कोंडतो. ते पत्र तू तपासून परत पाठवलंस. ‘लॉक’ला एस लावला होतास. खाली शेरा होता की शेवटचा मुद्दा वेगळा आहे, तो पुढच्या पत्रात सविस्तर लिहावा. पुढच्या पत्रात मी हवा लिहिली. तेव्हापासून हवाच लिहितोय.

जुनं झालं ते. मनात ठेवू नकोस. ही नमस्कार सांगते.
तुझा
नानू

१५ जून

चि. नानूस,
आशीर्वाद.

सगळ्यांचे कच्चे लेख मी ठेवून घेते. तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच टाकून ती फाइल काढली. तांबड्या रेघेखालचं इंग्रजी मोडकं आहे, पण कळायला अवघड अजिबात नाही. तिने लिहिलं होतं:

‘दोन वाजता अकरा नंबरची चादर खाली आली. अकरा नंबरचा पलंग माझा नवरा होता. पेशंट असेल तर चादर सकाळी बदलतात, दुपारी नाही. वरून माणूस सांगायला आला तेव्हा मी पिशवीचं तोंड बांधलं होतं.’

मी हे वाचलं होतं, नानू. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दोन स्पेलिंगं सुधारली आहेत त्यात मी. माझ्याच अक्षरात आहेत. आणि वर वर्गाला हसवलं.

तुझं ते पत्रही आठवलं. आधी वाटलं, हा काहीतरी रचून सांगतोय. मग शाळेतली शिक्षकांची खोली आठवली, तपासायच्या वह्यांचा ढीग, आणि त्यावर ठेवलेलं तुझं निळं अंतर्देशीय. मला त्या दिवशी तुझ्या इंग्रजीचं कौतुक वाटलं होतं. ‘रोज’ हा शब्द तू बरोबर जागी घातला होतास. कपाटाचं मला काहीच वाटलं नाही. कसं नाही वाटलं?

आई गेल्यावर तुझी आई व्हायचं मीच अंगावर घेतलं होतं आणि झाले मास्तरीण. त्या मुलाचं पुढे काय झालं? कधी थांबलं ते? सगळं लिही. घडीबाईसमोर मात्र मला उभं राहवत नाही. दोन दिवस वर्गाला सुट्टी दिलीय, ताप आलाय म्हणून सांगितलं. या वयात खोटं बोलून शाळा चुकवली.

कसं मागू, पण माया कमी करू नकोस.
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं राहू दे. तू आधी त्या बाईकडे जा. वर्गात बोलू नकोस, तिथे तू बाई असतेस. तिच्या कामाच्या जागी जा. आणि कृपा करून प्रास्ताविक, दोन मुद्दे आणि समारोप असली माफी मागू नकोस.

घाईत आहे, खाली गाडी थांबलीय. तुझ्यावरची माया होती तेवढीच आहे.
नानू

४ जुलै

चि. नानूस,
आशीर्वाद.

जाऊन आले. कपड्यांची खोली इस्पितळाच्या तळघरात आहे. छतापर्यंत फळ्या, प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर शिक्का, आणि इस्त्रीच्या यंत्राची अशी धग की चष्म्यावर वाफ धरली. मला पाहून ती गडबडली, बसायला गठ्ठा पुढे केला. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मी तुमच्या ओळी वाचल्या होत्या, तरी खोडल्या, आणि वर हसवलं, माझं चुकलं. तिने एका ओल्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. आम्ही घड्या घालत राहिलो. मला जमत नव्हतं, माझं टोक सारखं खाली येत होतं.

तिसऱ्या चादरीला ती बोलायला लागली. म्हणाली, नवरा वर पाचव्या मजल्यावर होता आणि ती खाली कामावर. रजा शिल्लक होती, पण त्या दिवशी माणसं कमी म्हणून तिने घेतली नाही. घरी मुलीला मात्र सांगितलं की मी शेवटपर्यंत हात धरून बसले होते. मुलगी सहा वर्षं तेच मनात धरून आहे, पाहुण्यांना सांगते. आपल्या भाषेत खरं लिहायचा धीर होईना. इंग्रजी घरात कुणाला येत नाही, म्हणून इंग्रजीत लिहिलं. निदान बाईंना तरी कळेल, असं तिला वाटलं होतं. मग मी रेघ मारली, तेव्हा तिने ठरवलं की हे सांगण्यासारखं नसणारच. वर्गात का हसलात असं मी विचारलं, तर म्हणाली, सगळे हसत होते, एकटीच गप्प राहिले असते तर ओळखू आले असते.

नानू, मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी खोडलेला कागद तिला परत दिला आणि म्हटलं की हाच लेख होता, बाकीचं सगळं विषयाला सोडून होतं. तिने कागद घेतला. माफ केलं की नाही ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तू अजून त्या मुलाबद्दल लिहिलं नाहीस. मी थांबले आहे.
ताई

२२ ऑगस्ट

चि. नानूस,
आशीर्वाद.

घडीबाई पास झाली. परीक्षेत ‘वेळेचं महत्त्व’ आलं होतं, चार परिच्छेदांत चोख लिहिलं म्हणे. हे काल तीच येऊन सांगून गेली. आता वर्गाला येणार नाही. पण दुसरी गोष्ट सांगताना दारातच उभी राहिली. तिने तो कागद मुलीसमोर धरला आणि एकेक ओळ आपल्या भाषेत सांगितली. मुलगी चार दिवस बोलली नाही. जेवण वाढायची, पण नजर द्यायची नाही. पाचव्या दिवशी काम सुटायच्या वेळी तळघराच्या पायऱ्यांवर येऊन बसली होती. दोघी चालत घरी गेल्या. वाटेत काय बोललात, असं मी विचारलं नाही. तेवढं तरी शिकले.

आता तूच राहिलास. दोन महिने मी विचारतेय आणि तू लिफ्टचे दोर सांगतोयस. मला शिक्षा म्हणून गप्प बसला असशील तर तसं लिही. तीही घेईन.
ताई

३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिक्षा नाही गं. तू मला निरपराध समजून रडतेस आणि मला ते सोसत नाही, म्हणून लिहितो.

तो मुलगा मला तीन महिने कोंडत होता. मग थांबला. आपोआप नाही थांबला. मी त्याला म्हटलं की मला सोड, मी दुसरा आणून देतो. खालच्या वर्गात एक तोतरा मुलगा होता, माझ्याशेजारी जेवायला बसायचा. त्याला मी गोष्टीचं पुस्तक दाखवतो म्हणून कपाटापर्यंत नेलं. दार मी लावलं. एकदा नाही, वर्षभर. तो आतून माझंच नाव घेऊन हाका मारायचा, कारण त्याला वाटायचं की दार तो मोठा मुलगा लावतो आणि मी बाहेर आहे म्हणजे सोडवीन. वर्षाच्या शेवटी त्याचे वडील त्याला घेऊन गेले. जाताना त्याने मला हात केला.

तुझी चूक तुला तीन ओळींत लिहिता आली. माझी लिहायला मला चाळीस वर्षं लागली. तू एस लावलास म्हणून हे झालं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण दार तू लावलं नव्हतंस.

हिलाही आज पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, पत्र टाकून या, मग बोलू. आता पेटीकडे निघालोय. रविवारी दुपारच्या गाडीने येतो. दार उघडल्यावर आधी काही विचारू नकोस, फक्त तोंड फिरवू नकोस.

लोभ मागायला आज तोंड नसलेला,
तुझा नानू