भारतीची पांढरी पॉलिएस्टर साडी

१० मे १९९५, बुधवार
भारती माहेरी गेली, श्रीरामपूरला. शनिवारी येणार. रविवारी बुद्धपौर्णिमा, आणि केडगावच्या विहारात यंदा पहिल्यांदाच ती पुढे बसून वंदना सांगणार. पांढरी साडी एकच, पॉलिएस्टरची. जाताना म्हणाली, गार पाण्यातून काढा, न पिळता दोरीवर टाका, बाकी काई करू नका. बायकांना धुण्यातलं सायन्स माहीत नसतं. साडी अशी करून ठेवीन की अख्खा विहार बघत राहील.

११ मे, सकाळी
पाणी खळखळ उकळलं. साडी आत. मग कचकचून पिळली. बसवेना, सारखा दोरीपाशी.

दुपारी
वाळली. नखशिखांत सुरकुत्या. कापडच हलकं.

१२ मे
खळ घातली. शेजारच्या मनकर्णामावशी म्हणाल्या, भाऊ, असल्या कापडाला खळ धरत न्हाई, लई खटपट करू नका. मी नुसता हसलो. दुप्पट खळ घातली. सुरकुत्या तशाच, वर पापुद्रे. पुन्हा धुतली. प्रयोगात असं व्हायचंच.

१३ मे, सकाळी
साडी गादीखाली घालून झोपलो. संकल्प : कूस बदलायची नाही. रात्रभर बदलत होतो. सुरकुत्यांची दिशा बदलली आहे. प्रगतीच म्हणायची.

संध्याकाळी
भारती आली. साडी उलगडली, बघितली, परत घडी घातली. म्हणाली, असू द्या, हीच नेसते. तुमी फक्त समोर बसा, मला धीर येतो. त्यापेक्षा भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१४ मे, बुद्धपौर्णिमा
अगदी समोर बसलो. निऱ्या चुरगळलेल्या. पदरावर गादीची शिवण उमटलेली. कोण कोण बघतंय ते मागे वळून वळून बघितलं. कोणीच बघत नव्हतं. भारती एकेक ओळ सांगत होती, मागून सगळे म्हणत होते. मीही म्हणालो असेन.

घरी आल्यावर तिने विचारलं, कसं झालं माझं? मी म्हणालो, शिवण अजिबात दिसली नाही. ती चहा ठेवायला उठली. मग मात्र मला फार लाज वाटली. पुढच्या वर्षी तुझी वंदना नीट ऐकीन, असं कबूल केलं.

म्हणाली, पुढच्या वर्षी मनकर्णामावशींच्या शुभांगीचा नंबर हाय.