साफ कोण करणार?

बाबा, तुमचा स्टीलचा टेप अजून चालतो. सुरुवातीचे आकडे झिजून पार कोरे झालेत, म्हणून मी दहा इंचांच्या खुणेपासून मोजते आणि शेवटी दहा वजा करते. ही युक्तीही तुमचीच. दहावी पास झाल्यावर मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही करोल बागेतल्या हार्डवेअरच्या दुकानात नेऊन हा टेप घेऊन दिलात. परतताना ऑटोत मी तोंड फुगवून बसले होते. "घड्याळ काय, सगळ्यांकडेच असतं," तुम्ही म्हणालात, आणि वर हसलातही. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. आता हा टेप कोणी हातात घेतला तरी माझा जीव वरखाली होतो.

आपल्या दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरच्या मागे चार घरांच्या मोऱ्यांचं पाणी साचून डबकं व्हायचं, आठवतं? डास इतके की आई संध्याकाळी खिडकी उघडू द्यायची नाही. तक्रारी करून सगळे थकले, तेव्हा तुम्ही ऑफिसातून येऊन, बनियनवर, स्वतः शोषखड्डा खणलात. मी विटांचे तुकडे वाहिले, खडी धुतली. खड्ड्याच्या अलीकडे गाळ अडवायला गुडघाभर खोल कुंडी बांधलीत, आणि दर रविवारी खुरपं आणि घमेलं घेऊन तो काळा, बुळबुळीत गाळ तुम्हीच काढायचात. शेजारचे काका लाजून म्हणायचे, "अरे साहब, किसी को बुला लेते." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "बुलाया था, मैं आ गया ना." डबकं गेलं. तिथं पपईचं झाड आलं आणि चारही घरांनी पपया खाल्ल्या. पाणी तेच होतं, फक्त वाट मिळाली होती.

मग शाळेत विज्ञान प्रदर्शन आलं. मी तुमच्याच खड्ड्याची सुधारलेली आवृत्ती काढली होती. कुंडी चांगली खोल, म्हणजे गाळ वर्षातून एकदाच काढावा लागेल. निळ्या पेन्सिलीनं पाणी, बाणांच्या खुणा, सगळं देखणं. तुम्ही जेवणाच्या टेबलावर तो कागद बराच वेळ पाहिलात. "अच्छा. छान काढलंयस, बिल्कुल. साफ कोण करणार?" मी म्हटलं, "येईल ना कोणीतरी." तुम्ही चष्मा काढलात. "कोणीतरी म्हणजे कोण, बेटा? आपल्या गावात ते 'कोणीतरी' नेहमी आपल्याच गल्लीतलं असायचं. ज्यात आपण स्वतः उतरणार नाही, ते दुसऱ्यासाठी बांधायचं नाही." तुमचा आवाज चढला नव्हता, तरी आईनं गॅस बारीक केला. मी चित्र बदललं नाही. त्याच चित्राला बक्षीस मिळालं, आणि मला वाटलं मी जिंकले.

बाबा, ते चित्र मी गेल्या वर्षी मानेसरला बांधलं. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, हे तुम्ही पाहून गेलात. तिथले कामगार ज्या गल्लीत राहतात, तिथं एकेका ओळीत वीस-वीस खोल्या, आणि न्हाण्याधुण्याचं सगळं पाणी रस्त्यावर. कंपनीच्या बसपर्यंत लोक चपला हातात घेऊन जायचे. आम्ही काही इंजिनियर रविवारी जमलो आणि शोषखड्डा करायचं ठरलं. आराखडा माझा. कुंडी पुरुषभर खोल, वर सिमेंटचं जड झाकण. गल्ली कोरडी झाली, आमचे फोटो निघाले, मी मनातल्या मनात तुम्हाला दाखवलेही.

मग कुंडी तुंबली. मी रविवारी पोचते तर झाकण सरकवलेलं, भोवती माणसं, आणि एकजण शर्ट काढून, कमरेला दोर बांधून काठावर बसलाय, पाय आत सोडून. मधल्या काळात कुणीतरी संडासाचा पाइपही त्याच कुंडीत जोडला होता, हे वासावरूनच कळलं. अशा कुंडीत वायू साठतो, उतरलेल्या माणसाचा हाक मारायच्या आत जीव जातो, हे मला पुस्तकातून पाठ आहे. मी इतक्या जोरात ओरडले की तो दचकला. "दो मिनट का काम है, मैडम," तो मलाच समजावत होता. मी त्याला दंड धरून मागे ओढलं आणि तिथंच मातीत बसले. पलीकडच्या खोलीतली बाई म्हणाली, "मैडम, ढक्कन हमसे उठता नहीं, तो आदमी ही बुलाना पड़ेगा ना?" तिचं काही चुकलं नव्हतं. बोलावण्याखेरीज दुसरी सोय मी ठेवलीच नव्हती.

संडासाचा पाइप वेगळा केला, ती कुंडी मशीननं उपसून बुजवून टाकली. तिच्या जागी तुमची गुडघाभर कुंडी, एका हातानं उचलता येईल असं झाकण, आत दांडीची जाळीची टोपली. दांडीची उंची त्या बाईला उभं करून, तुमच्या टेपनं मोजली. पण गाळ काढायची पाळी लावायची म्हटल्यावर पुरुष पांगायला लागले. "ये काम हम नहीं करते." मी वाद घातला नाही. बाह्या वर केल्या आणि पहिली टोपली स्वतः उचलली. दुसरी त्या बाईनं उचलली, तिसरी तिच्या नवऱ्यानं, तिच्या धाकानं. आता दर रविवारी पाळी चालते. कधी कुरकुरत, पण चालते. परवा बसच्या रांगेत सगळ्यांच्या चपला पायात होत्या. मला तुमची फार आठवण आली.

हा कागद टेपच्या डबीखाली ठेवणार आहे, तुम्ही गेल्यावर आता दुसरीकडे कुठे पाठवू? पण एक सांगायचं राहिलंय. पहिली टोपली उचलल्यावर मी भिंतीमागे जाऊन ओकले. घरी येऊन तीनदा हात धुतले, तरी घास तोंडाशी नेववेना. तेव्हा आपल्या क्वार्टरमधला एक रविवार आठवला. तुम्ही गाळ काढून, लाल साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन जेवायला बसलात, आणि मी माझं ताट उचलून हळूच आईच्या बाजूला सरकले. तुम्ही पाहिलंत. भाकरीची टोपली माझ्याकडे सरकवलीत, आणि मी तुमचा हात लागलेली वरची भाकरी सोडून खालची घेतली.