भाऊजींसाठी दोन फळ्या

मी, वय एकाहत्तर, एका सुताराची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, शंका काढतील.

१. राहतं घर आणि मागची कार्यशाळा माझ्या मुलीला.

२. पुस्तकं वाचनालयाला. शाळा चौथीत सुटली. पुढचं तिथेच शिकले.

३. ह्यांचा जुना लोखंडी रंधा मुलीलाच. फळीच्या अंगाला टेकणारी त्याची पट्टी एकीकडे फिरवली की फळीच्या कडेला जीभ निघते, उलट फिरवली की ती जीभ बसायची खाच. गाण्याच्या बाईंच्या खोलीच्या जमिनीसाठी ह्यांनी आणि भाऊजींनी याच रंध्याने फळ्या केल्या. सांधे बसले, पण एक फळी वर, एक खाली. बाईंनी सगळ्या परत पाठवल्या.

"वहिनी, दादाचा हात गेला आता," भाऊजी ह्यांच्या देखत म्हणाले. ह्यांनी रंधा फडक्यात गुंडाळला. पुढे दोन वर्षं स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. तसेच गेले.

मग मी सुतारकामाचं पुस्तक आणलं आणि रंधा तपासला. पात्यांना धार होती. पट्टीची खुंटी ढिली नव्हती. ढलप्या अडकत नव्हत्या. टाकाऊ लाकडावर चालवला, तर माझ्या हातूनही सांधा सपाट बसला. तेव्हा परत आलेल्या फळ्या उलटून पाहिल्या. हा रंधा नेमका मध्यावर कापत नाही; म्हणून हे दर्शनी बाजूला पेन्सिलीची खूण करत आणि पट्टी कायम तिथेच टेकवत. जिभा खुणेकडून काढलेल्या होत्या, खाचा पाठीकडून; म्हणूनच एक फळी वर, एक खाली. जिभा ह्यांच्या. खाचा भाऊजींच्या.

भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, "माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं, वहिनी. पण काम तर गेलंच होतं ना."

४. त्यातल्या दोन फळ्या भाऊजींना. कार्यशाळा ते आज वापरतात, तशी हयातभर वापरावी. मात्र माझ्यामागे महिन्याभरात त्यांनी कामगारांसमोर, गाण्याच्या बाईंना बोलावून, त्या फळ्या जोडून दाखवाव्यात आणि चूक कोणाची ते सांगावं. "आमच्याकडून झालं" चालणार नाही. माफी मागू नये. ती मी द्यायची होती, आणि देत नाही. हे न केल्यास मुलीने कुलूप लावावं. ती माझ्यापेक्षा कडक आहे.

कोणाच्याही दबावाशिवाय, वाचून सही करते.

सही: सुताराची बायको
स्थळ: कार्यशाळा
दिनांक: १४ मार्च

साक्षीदार:
१. ग्रंथपाल
२. गाण्याच्या बाई. (मजकूर वाचला. बोलावणं आलं की येईन.)